गंजीपलीकडची ओसरी

मूठभर कापूस गालाला लावून, डोळे मिटून उभा राहिलेला माणूस तुम्ही कधी पाहिला आहे का? हंगामात आदिलाबादच्या एखाद्या जिनिंग मिलमध्ये गेला असाल, तर पाहिलाही असेल आणि म्हातारा उभ्या उभ्या डुलक्या घेतो आहे असं समजून पुढे गेला असाल. पहिल्या दिवशी मीही तसंच समजले होते. काका डुलक्या घेत नव्हते. ते कापसातला ओलावा मोजत होते.

त्यांची पद्धत ठरलेली होती. ट्रॉलीत कोपरापर्यंत हात खुपसायचा, वरचा उन्हाने वाळलेला कापूस सोडून आतला काढायचा, मुठीत दाबायचा, मूठ उघडून तो किती लवकर फुगतो ते पाहायचं आणि शेवटी गालाला लावायचा. भोवतीची माणसं घाई करायला लागली की काका एक डोळा उघडायचे आणि म्हणायचे, "घाई काऊन? बोलू दे ना त्याले." मग डोळा पुन्हा मिटायचा. थोड्या वेळाने आकडा यायचा. अकरा टक्के, नाहीतर साडेतेरा. बारापर्यंत असला तर ट्रॉली वजनकाट्यावर घ्यायची, वर असला तर नाही, असा मिलचा नियम होता.

या माणसाचं नाव मी सांगणार नाही. मिलमध्ये सगळे त्यांना काकाच म्हणायचे, आणि नाव छापून आलं असतं तर ते स्वतः आधी लाजले असते. बाजारहत्नूरकडच्या एका खेड्यातले. तरुणपणी भैंशाच्या जिनिंगमध्ये ओझी उचलायला लागले आणि तिथल्या कुणा जुन्या पारख्याचं पाहून पाहून पारखी झाले. पुढे आमच्या मिलने त्यांना बोलावून घेतलं. कुठल्या ट्रॉलीत किती ओल आहे ते सांगायचं आणि कापूस आवारात कुठे ओतायचा ते दाखवायचं, एवढंच त्यांचं काम. पण त्या एवढ्याशा कामावर अख्खं आवार चालायचं.

मी तिथे काट्यावरची कंप्युटर ऑपरेटर होते, अजूनही आहे. फाटकाजवळ काट्याची खोली, खोलीला आवाराकडे उघडणारी एक खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलावर लॅपटॉप. तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि मला न येणारं या जगात काही आहे, यावर माझा फारसा विश्वास नव्हता. माझ्या आईने जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला. तिची मुलगी त्याच कापसाच्या काट्यावर खुर्चीत बसते, हे आई गल्लीत येईल जाईल त्याला ऐकवायची. म्हणजे ती खुर्ची माझ्या एकटीची नव्हती. ती गेली असती तर घरी काय तोंड दाखवायचं, हा प्रश्न मला रोज पडायचा.

पहिल्याच आठवड्यात काका खोलीच्या दारात आले, आत न येता वाकून लॅपटॉपकडे पाहू लागले. मी म्हटलं, या ना आत. ते आले, पालथा हात लॅपटॉपला लावला आणि गंभीरपणे म्हणाले, "याले ताप हाय." मला हसू आवरेना. पण खरोखरच तो तापला होता. रुईचे तंतू आत जाऊन पंख्यात अडकले होते. मी मागची जाळी उघडून साफ केली, तर बोटभर लांब कापसाची वात निघाली. काकांनी ती घेतली, सवयीने गालाला लावली आणि म्हणाले, "सात. चांगला वाळला."

आता त्यांच्याबद्दलच्या दोन गोष्टी सांगते. त्या सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

एकदा एक बाई एकटीच ट्रॅक्टर भाड्याने करून आली होती. रात्रीच्या दवाने तिचा कापूस ओला झाला होता. काकांनी गालाला लावला आणि म्हणाले, चौदा. बाईचा चेहरा पडला. परत न्यायचा म्हणजे आणखी एक खेप, आणि ट्रॅक्टर तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाला द्यायचा ठरलेला. काकांनी वॉचमनकडून ताडपत्री मागवली, काट्याच्या खोलीशेजारी उन्हात अंथरली आणि बाईला कापूस त्यावर पसरायला सांगितला. स्वतः मधून मधून येऊन वरखाली करत राहिले. तीनच्या सुमाराला पुन्हा मूठ गालाला लावली आणि बारा म्हणाले. मागच्या ट्रॉल्यांवरची माणसं कुरकुरत होती. त्यांना काकांनी एवढंच सांगितलं, "वाळू दे. मी थांबतो." आपण थांबतो आहोत म्हटल्यावर दुसऱ्यांनीही थांबायचं असतं, असं त्यांना अगदी मनापासून वाटायचं.

दुसरी गोष्ट माझ्या आईची. ज्यांच्या शेतात आई वेचायला जायची त्यांची ट्रॉली एकदा आली. कापूस कुणी वेचला हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. काकांनी दोन ठिकाणी हात घातला, एका ठिकाणचा कापूस बराच वेळ पाहत राहिले आणि मला खिडकीतून दाखवला. त्यात पानाचा तुकडा नव्हता, किडक्या बोंडातली पिवळट कवडी नव्हती. एकेक बोंड निगुतीने मोकळं केलेलं होतं. "हे कोणी वेचलं असंन?" ते म्हणाले. "याच्या हाताले सलाम हाय." मी सांगितलं, माझी आई त्यांच्याकडे वेचायला जाते. काकांनी कापूस परत टाकला नाही. कुडत्याच्या खिशात ठेवला. संध्याकाळी घरी जाऊन हे आईला सांगितलं, आणि त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

तर अशा मिलमध्ये त्या वर्षी दिवाळीनंतर एक यंत्र आलं.

लांब सुईचं, हातात धरायचं यंत्र होतं ते. सुई कापसात खुपसली की ओलाव्याचा आकडा दिसायचा. पण तेवढ्याने भागत नव्हतं. तो आकडा मिलच्या वायफायवरून माझ्या लॅपटॉपमध्ये यायचा, तिथून काट्याच्या वजनाशी जोडला जायचा आणि मगच पावती निघायची. यंत्र मिलच्या वायफायशिवाय दुसरं काही ओळखत नव्हतं, त्यामुळे मोबाइलचं नेट लावून पळवाट काढायची सोय नव्हती. वायफायचा डबा म्हणजे राउटर आवाराच्या पलीकडे, ऑफिसच्या खिडकीत होता. अलीकडे मी, पलीकडे राउटर, मधे आवार.

सकाळी सगळं झकास चालायचं. लॅपटॉपच्या कोपऱ्यात सिग्नलच्या सगळ्या काड्या भरलेल्या असायच्या. दहा वाजता एक काडी कमी व्हायची, अकराला दोन, आणि दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत 'जोडणी नाही' असं लिहून यायचं. मग पावती थांबायची, ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत जायची आणि शेवटी कुणीतरी काकांना हाक मारायचं. काका यायचे, मूठ गालाला लावायचे आणि आकडा सांगायचे. मी तो हाताने चिठ्ठीवर लिहून द्यायचे. काम निघायचं, पण यंत्र आणलं कशासाठी, असा प्रश्न मिलचे मालक असलेल्या शेठच्या कपाळावर उमटायचा.

मी काय काय केलं ते ऐका. लॅपटॉप बंद करून चालू केला. राउटर बंद करून चालू केला. मिलचं वायफाय लॅपटॉपला विसरायला लावलं आणि पासवर्ड घालून नव्याने जोडलं. वायफायचा ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. विमानाचं चित्र असलेलं बटण चुकून दाबलं जातं की काय म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली. दुपारीच बिघडतं म्हणजे उन्हामुळे असणार असं ठरवून लॅपटॉपसमोर टेबलफॅन लावला आणि स्वतः घामात बसले. वायर टाकून पाहिली, ती दोन दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकाखाली तुटली. वरून न्यावी तर उंच भरलेल्या ट्रॉल्या तिला ओढून नेत. वॉचमनने आपल्या परीने लॅपटॉपवर लिंबू-मिरची टांगली, तीही मी आठवडाभर राहू दिली. खोटं कशाला बोलू, तेव्हा माझी तिच्यावरही थोडी भिस्त होती.

शहरातून दुरुस्तीवाला दोनदा आला आणि दोन्ही वेळा रविवारी. रविवारी खरेदी बंद, आवार मोकळं. त्याने लॅपटॉप उघडला तर सगळ्या काड्या भरलेल्या. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. जाताना शेठला हिंदीत म्हणाला, मशीन में कुछ नहीं है, चलानेवाले का देख लीजिए. शेठने तरीही दुसरा लॅपटॉप आणला, राउटर बदलला. सोमवारी दुपारी नवा लॅपटॉप आणि नवा राउटर एकमेकांना ओळखेनासे झाले.

या काळात काका रोज दुपारी विचारायला यायचे. मी वैतागून काहीबाही बटणं दाबत असायचे. ते म्हणायचे, बोलू दे त्याले, तू एका टायमाले दहा गोष्टी करून राह्यली, तो सांगंन कसा? मी म्हणायचे, काका, हा कापूस नाही. ते मान हलवायचे आणि आपल्या जागेवर जेवायला जायचे. त्यांची जागा म्हणजे ऑफिसची ओसरी. राउटरच्या खिडकीखालीच भिंतीला टेकून, समोर डबा ठेवून ते बसायचे. ज्वारीची भाकर, ठेचा आणि कांदा. तिथून जेवता जेवता त्यांना सगळं आवार दिसायचं. ट्रॉली आली की भाकरीचा हात उंचावून ते ती कुठे रिकामी करायची ते दाखवायचे.

डिसेंबरच्या मध्यावर शेठ माझ्या खोलीत आले. बरोबर चार माणसं होती. मी उभी राहिले. त्यांनी आवाज चढवला नाही, तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणाले, "संक्रांति तक देख लो. नहीं हुआ तो शहर से दूसरा आदमी बुलाना पड़ेगा." एवढं बोलून गेले. काका दारातच होते. त्यांनी माझ्यासाठी चहाचा कप आणला होता. तो टेबलावर ठेवून ते निघून गेले. तो चहा मी प्यायले नाही. संध्याकाळपर्यंत त्यावर साय धरली होती.

पुढचे दोन दिवस काकांचं वागणं मला विचित्रच वाटलं. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्या ट्रॉल्या आवाराच्या पार पश्चिमेच्या कोपऱ्यात रिकाम्या करायला लावल्या. ड्रायव्हर कटकट करत होते, कारण तिथे वळायला जागा कमी. त्या दिवशी वायफाय संध्याकाळपर्यंत एकदाही गेलं नाही. मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. मला वाटलं, सकाळी मी जो ड्रायव्हर पुन्हा घातला त्याचा हा गुण. दुसऱ्या दिवशी काकांनी कापूस पुन्हा नेहमीसारखा मधोमध ओतायला लावला. अकरा वाजता काड्या उतरायला लागल्या आणि जेवणाच्या वेळी जोडणी गेली. मी डोकं टेबलावर टेकवलं.

तेवढ्यात खिडकीशी काका. म्हणाले, "चाल माह्यासंगं."

मला ओसरीवर नेलं आणि आपल्या जागेवर, भिंतीला टेकून बसायला लावलं. मी चिडले होते. आता काय ठेचा खाऊ घालतात की काय, असं वाटलं.

"समोर पाह्य," काका म्हणाले. "तुह्यी खिडकी दिसून राह्यली का?"

समोर कापसाची गंजी होती. गंजी म्हणजे ढीग, पण ढीग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येईल ते नव्हे. दोन पुरुष उंच, आवाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली, पांढरी. पलीकडचं काहीच दिसत नव्हतं.

मी म्हटलं, नाही दिसत.

"सकाळी दिसते," काका म्हणाले. "रातभर जिन चालते, गंजी खाऊन टाकते. सकाळी इथं बसलो का तू दिसते, तुह्या डोक्यावरचा पंखाबी दिसते. मंग गाड्या येतात, गंजी चढते. आधी तुह्यं टेबल जाते, मंग तू जाते. तू दिसेनाशी झाली का तुह्यं नेट जाते. रोज. रविवारी गाड्या येत नाईत, तू दिसते, नेटबी राह्यते."

 मी जिथे बसले होते तिथे माझ्या डोक्यावरच राउटर होता, आणि त्याच्या समोर शेकडो क्विंटल ओला कापूस. कंप्युटरच्या डिप्लोमात आम्ही शिकलो होतो की पाणी सिग्नल शोषून घेतं. परीक्षेत त्यावर लिहिलंही होतं. पण ते पाणी कापसाच्या पोटात बसून माझ्या खिडकीसमोर रोज वर वर चढतं, हे मला दिसलं नव्हतं. माझं सगळं लक्ष लॅपटॉपच्या आत होतं. काकांना मी शास्त्र समजावायला लागले, तर ते मधेच म्हणाले, "ओल सगळंच पेते. त्यात काय शिकाचं?"

त्याच दुपारी आम्ही राउटर वर चढवला. ऑफिसच्या माळवदावर पाण्याच्या टाकीचा लोखंडी खांब होता. तिथून गंजीच्या माथ्यावरून माझी खिडकी थेट दिसायची. राउटरला दवापासून वाचवायला हवं होतं, म्हणून काका मिलच्या स्वयंपाकघरातला तेलाचा पत्र्याचा डबा घेऊन आले. मी ओरडले, पत्रा नको, पत्र्यात तर सिग्नल कोंडूनच जाईल. त्यांना ते लगेच पटलं. प्लॅस्टिकचा कॅन कापून तो उपडा घातला. बांधायला सुतळी पुरेना, तेव्हा काकांनी खांद्यावरची दस्ती काढली, लाल चौकड्यांचा तो मोठा रुमाल, आणि त्याने खांबाला करकचून गाठ मारली. कापसाच्या गाठी बांधतात तशी, दोनदा पीळ देऊन. मी खाली धावत गेले. खिडकीत गंजी तशीच उभी होती आणि लॅपटॉपवर सगळ्या काड्या भरलेल्या होत्या. माळवदावरून काका हात उंचावून विचारत होते. मीही हात उंचावला.

संक्रांतीच्या आधी शेठ दोनदा दुपारी येऊन उभे राहिले. यंत्राचा आकडा आला, पावती निघाली. शेठने तिळगुळाचा मोठा डबा माझ्या टेबलावर ठेवला. घरी आई रडली. मी तिला सगळी गोष्ट सांगितली, आणि सांगताना काकांनी शोधलं असं म्हटलं खरं, पण "आम्ही" हा शब्द जरा जास्तच वापरला. तेवढी मी हुशार होते.

आणि तेवढीच मूर्खही होते. यंत्र चालायला लागल्यावर काकांना हाक मारायची कुणालाच गरज उरली नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. ते रोज यायचे. ट्रॉली कुठे लावायची ते दाखवायचे. पण कापसात हात घालायला आता सुई होती. एखादा ओळखीचा कास्तकार अजूनही त्यांना हाताने पाहायला सांगायचा. काका मूठ गालाला लावून आकडा सांगायचे आणि यंत्रही जवळपास तोच दाखवायचं. मला त्याची गंमत वाटायची. मी त्यांना म्हणायचे, काका, तुम्ही तर बिनवायरचं यंत्र. ते हसायचे. आता आठवलं की वाटतं, तेव्हा माझी जीभ का नाही झडली.

होळीच्या आसपास हंगाम संपला. शेवटच्या दिवशी आवार झाडून निघालं होतं. काका आपला डबा घेऊन खोलीत आले आणि पहिल्यांदाच न सांगता खुर्चीवर बसले. म्हणाले, आता मी काही येत नाही. मी म्हटलं, पुढच्या दिवाळीला याल ना. त्यांनी डबा मांडीवर घेतला.

"एक सांगाचं होतं," ते म्हणाले. "ते खिडकीचं मले यंत्र आलं त्या पैल्याच आठवड्यात समजलं होतं."

मी लॅपटॉप मिटला.

"यंत्र चाललं का माह्यं काम सरलं, एवढं मलेबी समजते. म्हून बोललो नाई. दोन-चार दिवस तर मीच गंजी मधात उंच लावाले सांगितली. मंग शेठ तुले बोलला. तू चहा पेली नाई. तवा मले तुह्या मायचा कापूस आठवला." त्यांनी डब्याचं झाकण उगाच उघडलं आणि लावलं. "माह्या पायी तुले एवढे दिवस बोलणी खा लागली. तेवढं मनात ठेवू नोको, माय."

मला राग यायला हवा होता का? तुम्हीच सांगा. महिनाभर मी रडकुंडीला आले होते, आणि हा माणूस पलीकडे बसून भाकर खात सगळं पाहत होता. पण राग आला नाही. मला माझीच लाज वाटली. ज्याची भाकर माझ्या एका काडीवर टांगलेली होती, त्याच्यासमोरच मी रोज दुपारी देवाला विनवत होते, आज तरी नेट चालू दे. आणि त्याने ते चालू करून दिलं, स्वतःच्या दस्तीने बांधून दिलं. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. प्रत्यक्षात मी एवढंच म्हटलं की काका, चहा सांगते. या वेळी तो चहा आम्ही दोघांनी गरम असतानाच प्यायला.

पुढच्या दिवाळीनंतर काकांना बोलावणं गेलं नाही. मी शेठकडे जाऊन विषय काढला. शेठ वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, आता मशीन आहे, उगाच म्हाताऱ्याला कशाला दगदग. मी काकांना फोन केला. तिकडून वारा आणि कोंबड्यांचे आवाज. बरं हाय, म्हणाले. नेट चालते का, असं विचारलं. चालतं म्हटल्यावर म्हणाले, गाठ पक्की मारली होती.

त्याच्या पुढच्या वर्षी बाजारहत्नूरकडची एक ट्रॉली काट्यावर उभी होती. पावती निघेपर्यंत कास्तकार खिडकीशी बोलत होता. पाऊस, कीड, मजूर. मग सहज म्हणाला, "तुमचे ते गालावाले काका गेले ना, पोळ्याच्या अगोदर." त्याला वाटलं होतं, मला माहीत असेल. मी पावती त्याच्या हातात दिली आणि मागच्या ट्रॉलीला थोडं थांबायला सांगितलं.

आज मिलमध्ये सगळं सुरळीत आहे. इलेक्ट्रिशियनने राउटरला पक्का क्लॅम्प लावून दिला, पण दस्ती सोडू नको असं मी त्याला बजावलं होतं. चौकड्यांचा लाल रंग उडून ती मळकट गुलाबी झाली आहे. काट्याच्या खोलीशेजारी आता एक ताडपत्री कायमची अंथरलेली असते. यंत्राने तेरा-चौदा दाखवलं की मी लगेच 'नाही'चं बटण दाबत नाही. कास्तकाराला सांगते, उन्हात पसरा, वाळू द्या, मी थांबते. मागची रांग कुरकुरते. शेठने एकदा विचारलं, ये किसने बोला? मी काकांचं नाव सांगितलं. शेठने ताडपत्री तशीच राहू दिली.

सकाळी मी खोली उघडते तेव्हा रात्रीच्या जिनने गंजी खाऊन टाकलेली असते. आवार मोकळं, आणि खिडकीतून समोर ती ओसरी दिसते. भिंतीला पाठ टेकून टेकून पडलेला तेलकट डागही दिसतो. सकाळचे ते दोन-तीन तास मला जड जातात. मी शक्यतो लॅपटॉपमधून मान वर करत नाही. मग गाड्या यायला लागतात, कापूस ओतला जातो, गंजी चढत जाते. अकरापर्यंत ओसरीची पायरी जाते, बारापर्यंत भिंत जाते. जेवणाच्या वेळेला पलीकडचं काहीच दिसत नाही. तेव्हा मी डबा उघडते. गंजी मधे आहे तोवर ते पलीकडे भाकर खात बसले आहेत, असं धरून चालता येतं.